पोपची गाडी, काकांची गाडी

माहीममधल्या आमच्या गल्लीत ताडपत्रीखाली एक मर्सिडीज उभी आहे. साठच्या दशकातली. ताडपत्रीवर वाळलेली पानं, बॉनेटवर मांजरीची पिल्लं आणि चारही टायर बसलेले. गल्लीतली पोरं तिला 'म्युझियम' म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी ही गाडी दान होणार होती. मी तेव्हा एनएसएसमध्ये होते. परळला कॅन्सर पेशंट आणि त्यांच्या नातेवाइकांची राहण्याची सोय करणाऱ्या एका संस्थेत आमचा ग्रुप जायचा. हे कळल्यावर गाडीवाल्या काकांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "बाबांची आठवण आहे गं. तुमच्या त्या संस्थेला देऊन टाकतो. फक्त एक अट, विकायची नाही. पेशंटना न्यायला-आणायला वापरायची."

मी हवेतच! संस्थेतल्या ताईंनी मात्र शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, "अगं, उभी कुठे करू? चालवणार कोण? पार्ट कुठून आणू? विकायची परवानगी असेल तर आज घेते."

काकांना राग आला. खरं सांगू? मलाही आला. एवढी मोठी वस्तू फुकट मिळतेय आणि यांचे नखरे! बोलणं तिथेच फिस्कटलं. गाडी गल्लीत राहिली. आणि त्या पावसाळ्यात परळच्या फुटपाथवर प्लास्टिक अंथरून झोपणारी माणसंही तिथेच राहिली.

आपलं कुठे चुकलं, हे मला कळलं ते दुसऱ्याच एका गाडीच्या गोष्टीमुळे. ही गोष्टसुद्धा मुंबईचीच आहे.

डिसेंबर १९६४. ख्रिस्ती धर्मीयांच्या आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेससाठी पोप सहावे पॉल मुंबईत आले. ओव्हल मैदानावर प्रचंड गर्दी. त्यांना फिरण्यासाठी अमेरिकेतून भेट आलेली पांढरीशुभ्र लिंकन कॉन्टिनेंटल होती. आपल्याकडे तेव्हा रस्त्यावर दिसायच्या त्या अँबॅसिडर, नाहीतर कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या फियाट. त्यात ही लिंकन म्हणजे काय असेल, विचार करा! निघताना पोपनी ती गाडी मदर तेरेसांना देऊन टाकली.

आता मदर तेरेसांच्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतं? साक्षात पोपची गाडी! काचेच्या खोलीत ठेवली असती? निदान एक चक्कर तरी मारली असती? मदर तेरेसांनी तिची सोडत काढली. तिकिटं विकली. जो पैसा जमला, तो आसनसोलजवळच्या शांतीनगर या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीसाठी वापरला.

मदर तेरेसांच्या कामावर टीका करणारेही आहेत. तो वाद जरूर वाचा, मत बनवा. पण या एका निर्णयातला व्यवहार बघा. गाडी ठेवली असती तर पेट्रोल, ड्रायव्हर, दुरुस्ती असा पांढरा हत्तीच पोसावा लागला असता. नुसती विकायची तर एक श्रीमंत गिऱ्हाईक शोधायला हवं. सोडतीत मात्र ज्याला ती गाडी सात जन्मांत परवडणार नाही, तोही एक तिकीट घेऊन कुणाच्या तरी उपचारात वाटा उचलू शकतो.

आणि पोपनी? "माझी भेट विकलीत कशी?" असं विचारलं नाही. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. दिली म्हणजे दिली.

पुढे पोप फ्रान्सिस यांनी तर आपल्याला भेट मिळालेली हार्ले-डेव्हिडसन थेट लिलावालाच पाठवली. २०१४ मध्ये पॅरिसमध्ये लिलाव झाला. टाकीवर पोपची सही होती. अंदाज होता १२ ते १५ हजार युरोंचा, मिळाले २ लाख ४१ हजार ५०० युरो. ते गेले रोममधल्या बेघरांच्या निवाऱ्यासाठी आणि अन्नछत्रासाठी. म्हणजे वस्तूमागच्या आठवणीलाही किंमत असते. पण ती वस्तू सोडल्यावरच हातात येते. ताडपत्रीखाली ठेवली तर आठवणही गंजते.

'पण भावनांचं काय?' असं तुम्ही म्हणाल. मान्य. काकांच्या बाबांनी त्या गाडीतून अख्ख्या कुटुंबाला महाबळेश्वरला नेलं होतं. अशी गाडी कुणीतरी अनोळखी माणूस घेऊन जाणार, हे जड जाणारच. मग ती ठेवून घ्या ना! ठेवण्यात काहीच गैर नाही. पण द्यायचीही आणि स्टिअरिंगही आपल्याच हातात ठेवायचं, याला दान म्हणत नाहीत. ते आपलं ओझं दुसऱ्याच्या दारात उभं करणं झालं.

अट घालूच नये का? घालावी की! त्याचं उदाहरण आमच्या माहीममध्येच आहे. एल. जे. रोडवरून तुम्ही शंभरदा गेला असाल. हे 'एल. जे.' म्हणजे लेडी जमशेदजी, अर्थात अवाबाई जमशेदजी जीजीभॉय. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती, लोक होडीनं ये-जा करायचे. सरकार पैसे घालायला तयार नव्हतं, तेव्हा अवाबाईंनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीम कॉजवे खुला झाला. त्यांचीही एक अट होती, या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही.

फरक कळला? अवाबाईंची अट चालणाऱ्याच्या सोयीची होती. काकांची अट देणाऱ्याच्या समाधानाची होती.

काकांना बोलणं सोपं आहे. आपण काय करतो? आपल्या डोनेशन ड्राइव्हमध्ये कोकणातल्या पूरग्रस्तांना पार्टीवेअर जातं. वस्तीतल्या मुलांना मागच्या सिलॅबसची गाइडं जातात. वर 'आमचेच कपडे घालून फोटो पाठवा' ही फर्माईश. आणि एखाद्या संस्थेनं ते सामान भंगारात घालून औषधं आणली की आपण ग्रुपवर मेसेज टाकतो, 'फ्रॉड आहेत!' हिशेब मागा, जरूर मागा. पैसे कुठे गेले हे विचारणं हा तुमचा हक्कच आहे. पण 'माझीच वस्तू वापरा' हा हट्ट म्हणजे हिशेब मागणं नव्हे.

म्हणून पुढच्या ड्राइव्हआधी एक फोन करा. "आमच्याकडे हे आहे" असं सांगू नका. "तुम्हाला काय हवंय?" असं विचारा. उत्तर 'चादरी' आलं तर चादरी द्या. 'पैसे' आलं तर नाक मुरडू नका. आणि वस्तू दिलीत, तर "विकली तरी चालेल" एवढं एक वाक्य सोबत द्या. संस्थेचा अर्धा संकोच तिथेच संपेल.

मी या रविवारी पुन्हा काकांकडे जाणार आहे. पोपच्या गाडीची गोष्ट सांगणार आहे. ऐकतील की नाही, माहीत नाही. पण परळच्या ताईंना मी आधीच फोन केलाय. त्या म्हणाल्या, "गाडी आली तर आली. तू मात्र ये. पावसाळा तोंडावर आलाय, आणि आमची खोल्यांची यादी अजून तेवढीच आहे."