बापाचा शोध कीं पोराचा बळी ?

सत्य शोधून काढण्याचें साधन विज्ञानानें हातीं दिलें असतां त्याचा उपयोग करावयास न्यायालयांनीं कां कचरावें, असा प्रश्न हल्लीं आमच्या सुशिक्षित मंडळींत मोठ्या आवेशानें विचारला जातो. बायकोच्या वर्तनाचा संशय आला, कीं मुलाची डी.एन.ए. चाचणी करावी, गालाच्या आंतून फिरविलेला कापसाचा बोळा प्रयोगशाळेकडे पाठवावा आणि वाद कायमचा मिटवावा, यांत बिघडलें काय, असें म्हणणारे वकील, डॉक्टर आणि (सांगावयास खेद होतो) प्राध्यापकहि आम्हांला भेटले आहेत. या म्हणण्यांत खरा भाग आहे. तो आम्ही प्रथम मोकळेपणानें मान्य करतों.

ही विद्या जन्मली १९८४ च्या सप्टेंबरांत, इंग्लंडांतील लेस्टर विद्यापीठांत, अ‍ॅलेक जेफ्रीज यांच्या प्रयोगशाळेंत. मनुष्यमात्राचा डी.एन.ए. बहुतांशीं सारखाच, परंतु त्यांत कांहीं जागा अशा आहेत कीं तेथें रसायनांचीं तींच चार अक्षरें जपमाळेच्या मण्यांप्रमाणें पुनःपुन्हां येतात, आणि या आवर्तनांची संख्या माणसागणिक बदलते. अशा वीसएक जागा तपासल्या म्हणजे एकाच बीजापासून झालेलीं जुळीं सोडल्यास दोन माणसांचे सर्व आंकडे जुळणें जवळजवळ अशक्य होतें. प्रत्येक जागीं मुलाला एक आंकडा आईकडून मिळतो व एक बापाकडून. आईचा बाजूला काढला, कीं उरलेला बापाजवळ सांपडलाच पाहिजे. एखाद्या जागीं निसर्गच चूक करतो, म्हणून एका फरकावरून निकाल देत नाहींत. पण अनेक जागीं फरक पडला तर हा मनुष्य बाप नव्हे, असें निश्चयानें म्हणतां येतें.

या विद्येनें केलेलीं कामेंहि लहान नाहींत. १९८५ सालीं घानाहून इंग्लंडांत परतलेल्या एका मुलाला त्याच्या आईजवळ राहूं देण्यास तिनेंच ब्रिटिश सरकारला भाग पाडलें. १९८३ व १९८६ सालीं लेस्टरच्या आसपास दोन शाळकरी मुलींवर अत्याचार होऊन त्यांचे खून झाले. दुसऱ्या खुनाबद्दल एका सतरा वर्षांच्या तरुणानें कबुलीजबाबहि दिला. दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे, पण तो माणूस हा नव्हे, असें जेफ्रीज यांनीं दाखविलें, आणि १९८८ सालीं खऱ्या गुन्हेगाराला शिक्षा झाली. म्हणजे या चाचणीचें पहिलें फौजदारी काम निरपराध्याला सोडविण्याचें होतें. आपल्याकडे १९८९ च्या सुमारास केरळांतील तेल्लिचेरीच्या न्यायालयांत पोटगी टाळण्यासाठीं बाप म्हणवून घेण्यास नाकारणाऱ्या पुरुषाला हैदराबादच्या डॉ. लालजी सिंग यांच्या चाचणीनें उघडें पाडलें. २०१२ सालीं दिल्लीस एका मुलानें स्वतःच दावा लढवून एका माजी मुख्यमंत्र्याला रक्त द्यावयास लावलें आणि आपला बाप सिद्ध केला.

आतां वाचकांनीं एवढेंच पाहावें, कीं पितृत्वाच्या या दोन्ही दाव्यांत चाचणीचा लाभ कोणाला झाला ? मुलाला. ज्याला बाप नव्हता त्याला तो मिळाला. आमच्या मित्रांना जी चाचणी हवी आहे तिचें फळ नेमकें उलट आहे : ज्याला बाप आहे त्याचा तो हिरावून घ्यावयाचा. दोन्हींना एकच नांव असल्यामुळें पहिलीची पुण्याई दुसरीच्या खात्यावर जमा होते, आणि विज्ञानाच्या नांवानें जो उत्साह दाखविला जातो त्यांतला बराचसा या हिशेबाच्या चुकींतून आलेला आहे.

कायद्यानें ही गोष्ट फार पूर्वीं ओळखली होती. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचें ११२ वें कलम, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेलें भारतीय साक्ष्य अधिनियमाचें ११६ वें, असें सांगतें कीं विवाह कायम असतां, किंवा तो संपल्यापासून २८० दिवसांच्या आंत व स्त्रीनें पुन्हां लग्न केलें नसतां, जन्मलेलें मूल तिच्या नवऱ्याचेंच मानावें. गर्भधारणेच्या काळांत त्या दोघांचा संबंध येणेंच शक्य नव्हतें असें सिद्ध झालें तरच अपवाद. हें कलम म्हणजे सूक्ष्मदर्शकापूर्वींचें अज्ञान, अशी त्याची थट्टा केली जाते. कलम करणाऱ्यांजवळ डी.एन.ए. नव्हता खरा, पण शेजारपाजार त्यांनीं पाहिला होता. आमचे स्मृतिकार तरी काय भोळे होते ? मनुस्मृतींतील बारा पुत्रांच्या यादींत 'गूढोत्पन्न' नांवाचा एक पुत्र आहे. घरांत जन्मला, पण कोणाचा तें ठाऊक नाहीं. तो आईच्या नवऱ्याचा समजावा, असा तेथें निकाल आहे. ज्या मनूला स्त्रीविषयीं फारशी दया नव्हती त्याला मुलाविषयीं एवढी होती !

सर्वोच्च न्यायालयानें मात्र या बाबतींत दोन तोंडांनीं भाषण केलें आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडून गेलेल्या एका पोटगीच्या खटल्यांत, २०१४ सालीं, कायद्याचें गृहीत आणि विज्ञानाचा पुरावा यांचा विरोध आल्यास विज्ञानाचा पुरावा वरचढ, असें त्यानें ठरविलें. निरपराध मुलीला अनौरस ठरवूं नये याची आपणांस जाणीव आहे, असें लिहून मग तसेंच केलें. एकदां अहवाल समोर आल्यावर न्यायाधीशांना डोळे मिटतां येईनात, हें आम्हांला समजतें. पण म्हणूनच आम्ही म्हणतों, कीं खरा निकाल अहवालाच्या दिवशीं लागत नसून चाचणीची आज्ञा होते त्या दिवशींच लागतो. २०२३ च्या फेब्रुवारींत, पुण्याच्या कुटुंब न्यायालयांत सुरू झालेल्या एका घटस्फोटाच्या प्रकरणांत, त्याच न्यायालयानें ही आज्ञा रद्द केली. जें मूल घटस्फोटाच्या दाव्यांत पक्षकारहि नाहीं त्याला तपासणीची वस्तु समजतां येणार नाहीं, असें बजावलें. आमच्या मतें हाच निर्णय बरोबर आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं : दुसऱ्याचें मूल एखाद्यानें जन्मभर कां पोसावें ? फसविल्या गेलेल्या पुरुषाचें दुःख खोटें आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. त्याला घटस्फोट हवा असेल तर बायकोचा व्यभिचार हें त्याचें कारण आहेच. तो त्यानें साक्षीदारांनीं, पत्रांनीं, संदेशांनीं सिद्ध करावा. पण मोठ्या माणसांच्या भांडणांत पुरावा म्हणून सात-आठ वर्षांचें पोर पिंजऱ्यांत कां उभें करावें ? काल ज्याच्या खांद्यावर बसून तें जत्रा पाहत होतें तो आज प्रयोगशाळेचा कागद दाखवून परका होतो. त्या गृहस्थाचा पैसा गेला, विश्वास गेला; पोराचें तर नांवच गेलें, आणि त्याला कोणीं विचारलेंहि नाहीं.

शिवाय हा कागद देववाणी नव्हे. २००२ सालीं अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत सरकारी मदत मागावयास गेलेल्या एका स्त्रीला चाचणीनें सांगितलें कीं तिचीं मुलें तिचीं नव्हेत. पुढील बाळंतपणाच्या वेळीं न्यायालयानें साक्षीदार उभा केला. त्या अर्भकाबद्दलहि चाचणीचें उत्तर तेंच! अखेर तिच्या देहांत दोन निराळ्या डी.एन.ए.च्या पेशी नांदत आहेत, हें उघडकीस आलें. असा प्रकार विरळा, हें खरें. पण तोंवर त्या आईवर फसवणुकीचा संशय होता आणि मुलें काढून घेण्याची भाषा चालली होती.

न्यायालयें निदान विचार तरी करतात. खाजगी प्रयोगशाळा पैसे घेऊन ही चाचणी करून देतात, आणि तिला 'मनःशांतीची चाचणी' असें गोंडस नांव आहे. कोणाच्या मनाची शांति, हें जाहिरातींत नसतें. फ्रान्समध्यें न्यायाधीशाच्या आज्ञेवांचून पितृत्वाची चाचणी करविणें बेकायदा आहे. आमच्याकडे डी.एन.ए.च्या वापराचें नियमन करणारें विधेयक २०१९ सालीं लोकसभेंत मांडलें गेलें आणि २०२३ सालीं मागें घेतलें गेलें. त्यांतल्या राष्ट्रीय डी.एन.ए. पेढीवर पुष्कळांचे आक्षेप होते व ते आम्हांलाहि मान्य आहेत. पण सगळें विधेयक नको असेल तर एवढें एक कलम तरी कोणीं आणावें, कीं अठरा वर्षांच्या आंतील मुलाचा नमुना न्यायालयाच्या लेखी आज्ञेवांचून कोणत्याहि प्रयोगशाळेनें पितृत्वासाठीं घेऊं नये, आणि आईबापांपैकीं कोणाचाहि नसलेला, केवळ मुलाच्या वतीनें बोलणारा वकील ऐकून घेतल्यावांचून न्यायालयानें ती आज्ञा देऊं नये.