सही आणि स्वाक्षरी

सही आणि स्वाक्षरी हे दोन शब्द कोशात शेजारी शेजारी बसतात, पण व्यवहारात त्यांची तोंडं वेगळ्या दिशांना असतात. सही आपण करतो. चेकवर करतो, भाडेकरारावर करतो, मुलाच्या प्रगतिपुस्तकावर नाइलाजानं करतो. स्वाक्षरी आपण दुसऱ्याची घेतो. सहीमागे देणं असतं. चेकवर सही केली की तेवढी रक्कम द्यायला मी बांधला गेलो. स्वाक्षरीमागे असं काहीच नसतं. देणारा पेनाचं टोपण लावून पुढच्या माणसाकडे वळतो आणि आपण शाईवर फुंकर घालत उभे राहतो.

बँकेत ३३ वर्षं मी पहिल्या जातीच्या सह्या पाहिल्या. डाव्या हाताला नमुना सहीचं कार्ड, उजव्या हाताला चेक, आणि नजर दोघांमध्ये येरझारा घालणारी. कादंबऱ्या लिहिल्यामुळे दुसऱ्या जातीचीही थोडीफार ओळख झाली. तरीसुद्धा या दोन जातींचा हिशेब कधी एका वहीत मांडावा लागेल असं वाटलं नव्हतं. तो मांडायला लावला माझ्या पुतण्यानं.

हा पुतण्या अमेरिकेत नोकरी करतो, वय ३५, आणि सुटीच्या दिवशी पत्ते खेळतो. पत्ते म्हणजे बदाम सात नव्हे. रिचर्ड गारफिल्ड या गणिताच्या अभ्यासकानं रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ नावाचा खेळ ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या अमेरिकी कंपनीनं १९९३ साली बाजारात आणला. त्यातल्या प्रत्येक कार्डावर एखादा मांत्रिक, राक्षस, अरण्य किंवा जादूची वस्तू असते. कार्डं विकत घ्यायची, मित्रांशी अदलाबदल करायची, त्यांतून आपला संच जमवायचा आणि दुसऱ्याच्या संचाशी लढायचं. आपल्याकडच्या मुलांना जपानी ‘पोकेमॉन’ची कार्डं अधिक ठाऊक असतील, ती १९९६ साली आली. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. कार्डावर चित्र असतं आणि तळाशी, चष्मा पुसून वाचावं लागेल इतक्या बारीक अक्षरांत, चित्रकाराचं नाव असतं.

तर पुतण्याचा फोन आला. ‘काका, पुढच्या महिन्यात इथे एक चित्रकार येणार आहेत. वयस्कर आहेत. त्यांनी काढलेल्या चित्राची दोन कार्डं माझ्याकडे आहेत. एक अगदी कोरं, कधी हाताळलेलंच नाही. दुसरं खेळून खेळून कडा झिजलेलं. सही कशावर घेऊ? सहीनं किंमत वाढते की उतरते? तुम्ही बँकेत होतात, सांगा.’ प्रश्न गमतीचा वाटला, पण त्यामागे एक खरी काळजी होती. त्याला आणि त्याच्या बायकोला घर घ्यायचं आहे. सुरुवातीला भरायच्या रकमेची जी जुळवाजुळव चालली आहे, तीत त्यानं ते कोरं कार्डही धरलेलं आहे.

आधी बाजाराचं पाहू. अमेरिकेत अशा कार्डांना गुण देणाऱ्या संस्था आहेत. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाई किती मध्यावर बसली आहे हे भिंगाखाली तपासून १ ते १० पर्यंत श्रेणी देतात आणि कार्ड टणक प्लास्टिकच्या पेटीत बंद करून टाकतात. या परीक्षकाच्या दृष्टीनं कार्डावरची शाई म्हणजे डाग. तो डाग प्रत्यक्ष चित्रकारानं पाडलेला असला तरी डागच. म्हणून स्वाक्षरी असलेल्या कार्डांचा विचार वेगळा होतो. स्वाक्षरीच्या खरेपणाचा दाखला वेगळा मिळतो, तिला गुणही वेगळे मिळू शकतात. रोजची देवघेव करणारे अनेक दुकानदार स्वाक्षरीचं कार्ड कमी भावानं घेतात, काही घेतच नाहीत. कारण साधं आहे. कोरं कार्ड कोणालाही विकता येतं. स्वाक्षरीचं कार्ड त्या चित्रकाराच्या चाहत्यालाच विकावं लागतं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर माल चांगला, पण गिऱ्हाईक कमी. असं तारण समोर आलं की आम्ही कर्जाची रक्कम थोडी आखडती घेत असू.

‘मॅजिक’मधलं सगळ्यांत प्रसिद्ध कार्ड म्हणजे ‘ब्लॅक लोटस’, काळं कमळ. ते क्रिस्टोफर रश यांनी रंगवलं. पहिल्या आवृत्तीत त्याच्या सुमारे ११०० प्रती निघाल्या. २०२१ च्या जानेवारीत त्यांतली एक, १० पैकी १० गुण मिळालेली, लिलावात ५,११,१०० डॉलरला गेली. बातमीत ठळकपणे सांगितलं होतं की तिच्यावर रश यांची स्वाक्षरी आहे. पण ती स्वाक्षरी कार्डावर नव्हती, बाहेरच्या प्लास्टिकच्या पेटीवर होती. बाजाराचा खरा निकाल मला त्या पेटीत दिसतो. स्वाक्षरी हवी, पण कार्डाला शाई लागायला नको! पुढे २०२४ साली याच कमळाची आणखी सरस श्रेणीची एक प्रत खासगी व्यवहारात ३० लाख डॉलरला विकली गेली. तिच्यावर कोणाचीच स्वाक्षरी नव्हती.

इथे कोणी म्हणेल की सहीमुळे भाव चढल्याची उदाहरणं आपल्याकडेच आहेत. आहेत तर. जुन्या नोटा जमवणाऱ्यांना विचारा. बी. एन. आडारकर १९७० साली जेमतेम ४२ दिवस रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. त्यांची सही असलेल्या नोटा संग्राहक शोधत फिरतात. पहिले गव्हर्नर सर ऑस्बर्न स्मिथ यांची सही तर एकाही नोटेवर आली नाही. पण नोटेवरची सही नोटेबरोबरच छापली जाते. ती जन्मखूण आहे. कार्डावर मागाहून घेतलेली स्वाक्षरी हे गोंदण. गोंदण हौसेचं असतं, ज्याचं त्याला प्रिय असतं, पण दुसऱ्याला ते आवडेलच असं नाही.

दुसरा प्रश्न खरेपणाचा. माझ्या टेबलावर नमुना सहीचं कार्ड असे. वहीत घेतलेल्या स्वाक्षरीला नमुना कुठला? १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एफबीआयनं ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावानं खोट्या स्वाक्षऱ्यांचा धंदा उघडकीला आणला. खेळाडूंच्या नावानं चेंडू, बॅटी आणि छायाचित्रं यांवर बनावट स्वाक्षऱ्या करून ती बाजारात सोडली जात होती. त्या मालात बेसबॉलच्या चेंडूवर चक्क मदर तेरेसांची स्वाक्षरी होती! गिऱ्हाईक भाविक असलं की खपवणाऱ्याला कसला धरबंद राहत नाही. बरं, स्वाक्षरी खरी असूनही घोळ होऊ शकतो. साल्वादोर दाली या जगप्रसिद्ध चित्रकारानं उतारवयात हजारो कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या; चित्र मागाहून कोणीही छापावं. बँकेत आम्ही याला कोरा चेक म्हणतो आणि असा चेक देणाऱ्याची आम्हाला काळजी वाटते. दालींच्या नावावर खपणाऱ्या छापील चित्रांकडे जाणकार आजही संशयानं पाहतात.

याचा अर्थ एवढाच, की बाजार शाईला पैसे देत नाही, साक्षीला देतो. तुम्ही त्या चित्रकारासमोर उभे होतात, त्यानं तुमच्यादेखत पेन चालवलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याकडून कार्ड घेणाऱ्याला ते ठाऊक नाही. त्याला दाखला हवा, आणि दाखल्याला पुन्हा खर्च. दोन-चार रुपये मोलाच्या साध्या कार्डावर स्वाक्षरी मिळाली तर थोडंफार वाढेलच, कारण तिथे गमवायला काही नसतं. चिंता करायची ती महाग कार्डाची.

एक अपवाद मात्र मान्य केला पाहिजे. ‘मॅजिक’च्या चित्रकारांना आपल्या कार्डाच्या काही प्रूफ प्रती मिळतात. त्यांची पाठ कोरी, पांढरी असते. काही चित्रकार त्या पाठीवर पेन्सिलीनं किंवा रंगानं छोटं चित्र काढून देतात. अशा प्रतीचं मोल वाढतं आणि ते वाढावंच, कारण तिथे चित्रकारानं नुसतं नाव लिहिलेलं नसतं, काम केलेलं असतं.

आता चित्रकाराच्या बाजूनं पाहू. आपल्या घरांतून एके काळी दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ लांबून पाहून ‘हे दलाल’, ‘हे मुळगावकर’ असं ओळखणारी माणसं होती. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही मूळचे गोव्याचे. त्यांच्या चित्रांची पानं कापून भिंतीवर लावली गेली, कॅलेंडरं चौकटीत बसली, आणि बाकीचं सगळं वर्षाअखेरीला तराजूत गेलं. छापल्या जाणाऱ्या चित्राचं नशीबच असं. ते हजारो घरांत पोचतं आणि ज्यानं काढलं त्याचं नाव कोपऱ्यात राहतं. कार्डांचंही तेच. एखादं कार्ड दहा हातांतून फिरलं, त्याचा भाव हजारपट झाला, तरी त्या विक्रीतला एक पैसा चित्रकाराकडे जात नाही. काळ्या कमळाच्या त्या ५,११,१०० डॉलरमधलं रश यांना काहीच मिळणार नव्हतं. आणि ते द्यायला रश होते तरी कुठे? ते २०१६ सालीच वारले होते.

इथे माझ्या मनात खरी अढी बसते. स्वाक्षरीचा भाव चढतो तो प्रामुख्यानं सही करणारा हात थांबल्यावर. क्विंटन हूवर हे ‘मॅजिक’चे सुरुवातीच्या काळातले आवडते चित्रकार २०१३ साली गेले. त्यांच्या आणि रश यांच्या नव्या स्वाक्षऱ्या आता मिळणार नाहीत, म्हणून जुन्या शोधल्या जातात. म्हणजे भाव वाढेल या आशेनं जो स्वाक्षरी घेतो, तो मनात असो वा नसो, समोर बसलेल्या माणसाच्या मरणावर मुदत ठेव ठेवतो. आमच्या बँकेत ठेवीची तारीख पावतीवर लिहिलेली असे. या ठेवीची तारीख दुसऱ्याच्या कपाळावर लिहिलेली. हिशेब म्हणून त्यात कदाचित चूक नसेल, पण असा हिशेब मनात धरून कोणासमोर कार्ड सरकवावं, हे मला पटत नाही.

म्हणून पुतण्याला मी सांगितलं, कोरं कार्ड कोरंच राहू दे. ते घराच्या पैशातलं आहे. त्याला शाई लावू नकोस आणि त्यात भावनाही मिसळू नकोस. झिजलेलं कार्ड पुढे कर. ज्या कार्डाच्या कडा खेळून गेल्या आहेत, ते पाहून चित्रकाराला अधिक बरं वाटेल. स्वाक्षरी घेतलेलं कार्ड खेळातून बादही होत नाही. चित्र ओळखू येत असलं की स्पर्धेतही चालतं. आणि सहीची फी असेल तर घासाघीस करू नकोस. त्या कार्डाच्या सगळ्या प्रवासात वाचकाचा, खेळाडूचा किंवा चाहत्याचा पैसा थेट चित्रकाराच्या हातात पडतो, असा तो एकच क्षण असतो. त्या दिवशी चित्रकारानं मागितलेली फी हीच माझ्या मते त्या स्वाक्षरीची खरी किंमत. त्याहून वरचं जे काही, ती अटकळ.

‘मग संग्रहाच्या यादीत त्याची काय किंमत लिहू?’ त्यानं विचारलं. मी म्हटलं, काहीच लिहू नकोस. घरच्या देव्हाऱ्यातल्या टाकांचं मूल्यांकन करून ते कर्जाच्या अर्जात दाखवणारा खातेदार मला ३३ वर्षांत भेटला नाही. त्यांत चांदी असते, हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरीही.

आपल्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं आज काही ना काही जमवत असतील. कार्डं, चित्रकथा, नाणी, खेळाडूंची छायाचित्रं. त्यांना भाव कळू नये असं मी म्हणणार नाही. भाव जरूर कळावा, फसवणूक कशी होते तेही कळावं. पण चित्रकारापुढे रांगेत उभं राहताना त्यांच्या खिशात गणकयंत्र नसावं. एका वेळी २० कार्डं पुढे करू नयेत. एकच करावं, आणि ते करताना चित्रातली कोणती गोष्ट आपल्याला आवडली, तेवढं एक वाक्य बोलावं. त्या माणसाचं नाव इतक्या बारीक टायपात छापलेलं असतं की फार थोड्यांनी ते वाचलेलं असतं. आपण वाचलं आहे, एवढं त्याला कळू द्यावं.