आईच्या कुशीएवढा निवारा

दुसऱ्या महायुद्धात लंडनमधला चार वर्षांचा एक मुलगा कागदाची घरे करी आणि गोट्यांचे 'बॉम्ब' टाकून ती पाडी. इतर मुलांच्या अशा खेळात माणसे खुशाल मरत. याच्या खेळात मात्र सगळी वेळेवर वाचत आणि पडलेले प्रत्येक घर पुन्हा उभे राही. त्याचे वडील युद्धात मारले गेले होते आणि ते त्याला कबूल नव्हते. बाबा परत येणार नाहीत, असे तो स्वतःच्या तोंडाने बोलू शकला, तेव्हा कुठे हा खेळ थांबला.

ही नोंद अ‍ॅना फ्रॉइड यांची. सिग्मंड फ्रॉइड यांची ही कन्या १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडून लंडनला आली आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांच्यासह तिने युद्धात सापडलेल्या मुलांसाठी बालगृहे चालवली. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनने अवघ्या तीन दिवसांत सुमारे १५ लाख लोक शहरांतून हलवले होते. त्यांत निम्म्याहून अधिक शाळकरी मुले होती, आईबापांविना निघालेली. जीव वाचले, पण ताटातुटीने पोरे खचली. आईजवळ राहून हल्ले सोसलेली मुले त्या मानाने सावरलेली दिसली. मोठा आवाज झाला की लहान मूल आधी आईच्या चेहऱ्याकडे बघते, हे कोणत्याही घरात दिसेल. ती घाबरली की ते घाबरते.

या निष्कर्षावरून 'मुले काय, विसरतात' असा सोयीस्कर अर्थ काढणारे पुष्कळ आहेत. ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्ब पडले, हे खरे. तथापि तिथे भोंगा वाजे, तळघर असे, आणि पाठवायला खेडी होती.

गाझापट्टी जेमतेम ४१ किलोमीटर लांब. जवळजवळ निम्मी वस्ती अठरा वर्षांखालची. सार्वजनिक बॉम्बनिवारे नाहीत, आणि मुलांना पाठवायचे म्हटले तर कुठे पाठवणार? ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटल्यावर तिथल्या डॉक्टरांना एक नवी नोंद करावी लागली : 'जखमी मूल, कुटुंबात कोणी हयात नाही.' माझी हयात बँकेत गेली. वहीत नवा रकाना केव्हा आखतात, ते मला ठाऊक आहे. अपवाद म्हणून आलेली गोष्ट रोज येऊ लागली की.

ज्यांची आई वाचली, त्यांचेही सोपे नाही. अंथरूण ओले करणारे, बोलणेच थांबलेले, रात्री किंचाळून उठणारे मूल तिच्या कुशीत येते, आणि ती स्वतःच पाण्याच्या रांगेत, तंबूत, धास्तीत. डॉ. इयाद अल-सराज यांनी १९९० मध्ये गाझात मानसिक आरोग्याचे काम उभे केले ते याच जाणिवेतून : पोरांवर उपचार करायचे तर आधी घरातल्या मोठ्यांना धीर हवा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये शस्त्रसंधी झाली. घरे मोजली जातील, मदतीचे आकडे ठरतील. पण आईनंतर मुलाला रोज भेटणारे, ओळखीचे मोठे माणूस म्हणजे शिक्षक. आणि युद्ध सुरू होताच तिथल्या शाळांचे निर्वासितांचे मुक्काम झाले होते.