पर्मनंतरची दोन वर्षे

पर्म बिघडला की ग्राहक पार्लरमध्ये येऊन एकच विचारते: माझे केस पुन्हा पहिल्यासारखे होतील ना? या प्रश्नाला आपल्या व्यवसायात ठरलेले उत्तर आहे. आधी हेअर स्पा, मग प्रोटीन, तेही कमी पडले तर केराटिन. प्रत्येक वेळी केस चार दिवस मऊ लागतात आणि पाचव्या दिवशी तीच तक्रार घेऊन ती परत येते. आमच्या मते हे उत्तर मुळातच चुकीचे आहे. त्वचेबाहेर आलेला केस मृत असतो, त्याला जखम भरून काढता येत नाही. बिघडलेला भाग वाढीबरोबर मुळापासून लांब जातो आणि शेवटी कात्रीनेच निघतो. तो निघेपर्यंत उरलेले केस सांभाळणे हेच आपले काम आहे, आणि दोन-अडीच वर्षांचे हे काम आपण गांभीर्याने, रीतसर शुल्क घेऊन करायला हवे.

नुकसान नेमके कुठे होते ते आधी पाहू. कोल्ड पर्मच्या लोशनमधले अमोनियम थायोग्लायकोलेट 9 च्या आसपासच्या सामूवर केराटिनमधले डायसल्फाइड बंध तोडते आणि न्यूट्रलायझरमधले हायड्रोजन पेरॉक्साइड ते नव्या आकारात पुन्हा जोडते. पण तुटलेले सगळे बंध जुळत नाहीत. काहींचे सिस्टिइक आम्ल होते आणि तिथून परतीची वाट नसते. शिवाय क्युटिकलवरचा नैसर्गिक स्निग्ध थर अल्कलीने निघून जातो. मग केस पाणी जास्त शोषतात, फुगतात, एकमेकांत अडकतात. लांब केसांत हे नुकसान सारखे नसते, आणि इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. कमरेपर्यंतच्या केसांचे टोक पाच-एक वर्षांचे जुने असते. त्याने शेकडो वेळा धुणे, विंचरणे आणि ऊन सोसलेले असते. मुळाजवळच्या कोवळ्या केसाला जे लोशन जितका वेळ चालते, तेवढाच वेळ ते या टोकाला झेपत नाही. म्हणून एकाच डोक्यावर वरचे केस सुस्थितीत आणि खालची वीतभर लांबी कापसासारखी, असे चित्र दिसते. रिबॉन्डिंग किंवा थायोग्लायकोलेटच्या स्मूदनिंगलाही हेच लागू आहे, कारण रसायन तेच, फक्त रॉडच्या जागी इस्त्री. आपल्याकडे बिघडलेल्या केसांच्या ज्या तक्रारी येतात, त्यांत हे प्रकार पर्मइतकेच महत्त्वाचे आहेत.

आता हिशेब. केस महिन्याला साधारण 1 सें.मी. वाढतात. समजा, केस 50 सें.मी. लांब आहेत आणि सगळ्यांवर पर्म झाला आहे. दर तीन महिन्यांनी 3 सें.मी. कापले तर लांबी तेवढीच राहील, पण शेवटचा बिघडलेला भाग जायला चार वर्षांहून जास्त काळ लागेल. दर तीन महिन्यांनी 6 सें.मी. कापले तर दोन वर्षांच्या थोडे पुढे सगळे नवे केस हाती येतील, मात्र तेव्हा लांबी 25 सें.मी. असेल. पहिल्याच दिवशी 30 सें.मी.वर आणून पुढे वाढीइतकेच कापले तर अडीच वर्षांत 30 सें.मी. नवे केस मिळतील. म्हणजे दुसरा आणि तिसरा मार्ग जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचतात. फरक एवढाच की दुसऱ्या मार्गात लांबी हळूहळू सोडायला वेळ मिळतो आणि तिसऱ्यात रोजचा गुंता पहिल्या दिवसापासून कमी होतो. काहीच कापायचे नाही असे ठरवले तर टोके आपोआप तुटतात, तीही वेडीवाकडी. निवड ग्राहकाची आहे, पण हे आकडे तिच्यासमोर मांडायची जबाबदारी आपली. कापल्याने केस जोमाने वाढतात हा समज मात्र तिच्या मनातून काढून टाकावा. कात्रीचा मुळाशी काही संबंध नाही. ट्रिमने फाटे वर चढायचे थांबतात, तेवढाच तिचा उपयोग आणि तो पुरेसा आहे.

खरी कसोटी असते नवा आणि जुना केस जिथे मिळतो त्या रेषेची. दोन वेगळ्या ताकदीचे भाग तिथे जोडलेले असतात आणि ताण आला की केस तिथेच तुटतो. रबर किंवा क्लिप त्या रेषेवर येणार नाही हे बघावे, घट्ट वेणी आणि जड अंबाडा टाळायला सांगावे. गुंता नेहमी टोकाकडून वर, कंडिशनर लावलेल्या केसांत, मोठ्या दातांच्या कंगव्याने सोडवावा. नुसत्या ओल्या केसांवर ब्रश फिरवू नये. नवा केस लहरी आणि जुना सरळ, किंवा उलट, असेल तर इस्त्रीऐवजी ओलसर केसांची सैल वेणी घालून किंवा रोलर लावून पोत जुळवावा. घरच्या देखभालीत खोबरेल तेलाला मानाचे स्थान आहे आणि त्याला आधार प्रयोगाचा आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या रेळे आणि मोहिले या संशोधकांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना प्रसिद्ध केली. धुण्याआधी किंवा नंतर लावलेल्या खोबरेलाने केसांतून होणारा प्रथिनांचा ऱ्हास कमी झाला, बाकी दोन तेलांनी झाला नाही. खोबरेल विकणाऱ्या कंपनीचे हे संशोधन आहे, हेही लक्षात ठेवावे. पण त्याचे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे: लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्याने केसाच्या आत शिरतात.

यावर पहिला आक्षेप येईल तो बॉन्ड बिल्डरचा. 2014 पासून बाजारात आलेली ही उत्पादने निरुपयोगी नाहीत. रासायनिक प्रक्रियेच्या वेळीच वापरली तर तुटणे कमी व्हायला मदत होते आणि नंतरही केस विंचरायला सोपे जातात. पण उडून गेलेले क्युटिकल ती परत आणत नाहीत. त्यांचा उपयोग वाट पाहण्याचा काळ सुसह्य करण्यापुरता आहे आणि ग्राहकाला तसेच सांगून ती विकावीत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मध्येच लग्नसमारंभ येतो, ग्राहकाला दोन पोत नको असतात, मग केराटिन किंवा पुन्हा स्ट्रेटनिंग करून सगळे एकसारखे का करू नये? कारण लोशन जुन्या भागावर दुसऱ्यांदा चढले की रेषेखालचा केस हातात येतो. आणि प्रश्न केसांपुरताच नाही. स्ट्रेटनिंगच्या उत्पादनांत फॉर्मल्डिहाइडच्या जागी आलेल्या ग्लायऑक्सिलिक आम्लाबद्दल फ्रान्समधल्या डॉक्टरांनी 2024 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका 26 वर्षांच्या महिलेची नोंद दिली. 2020, 2021 आणि 2022 अशा तीन स्ट्रेटनिंगनंतर तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली होती. एका रुग्णावरून सगळ्यांचा निष्कर्ष निघत नाही, पण डब्यावरचे घटक न वाचता ते रसायन ग्राहकाच्या टाळूवर लावायचा अधिकार आपल्याला उरत नाही.

राहिला उत्पन्नाचा मुद्दा. खरे सांगितले तर ग्राहक दुसऱ्या पार्लरमध्ये जाईल ही भीती आम्ही समजू शकतो, आणि काही जणी जातीलही. पण ज्या थांबतील त्या दोन वर्षांत दर तीन महिन्यांनी, म्हणजे आठ वेळा येतील. एकेका स्पाच्या दराऐवजी या आठ भेटींचे शुल्क सुरुवातीलाच ठरवावे. त्यात ट्रिम, ओल्या केसाची ताण-चाचणी आणि घरच्या देखभालीची तपासणी धरावी. प्रत्येकीचे कार्ड ठेवावे: पर्मची तारीख, लोशनचा प्रकार, त्याआधीचे रंग आणि मेंदी, नव्या केसाची मोजलेली लांबी, कापलेली लांबी आणि त्याच जागेवरून, त्याच उजेडात काढलेला फोटो. हायड्रॉक्साइडचे रिलॅक्सर कधी लागले असेल तर ते लाल शाईने लिहावे, कारण त्यावर थायोग्लायकोलेट लावले की केस तुटतात. पुढची कारागीर नवी असली तरी कार्ड वाचूनच तिने केसांना हात लावावा.