उंची सिगार : नवख्याची जीभ आणि जाणत्यांची भाषा

गेल्या तीन दशकांत पाश्चात्त्य देशांमध्ये लेखनाचा एक निराळाच प्रकार रूढ झाला आहे. काल-परवापर्यंत साध्या सिगारेटलाही न शिवलेला एखादा सुशिक्षित गृहस्थ एके दिवशी पाच-सहा उंची सिगार विकत आणतो, दर आठवड्याला एक याप्रमाणे त्या ओढतो आणि प्रत्येकीची चव कशी लागली याची वहीत नोंद करतो. पहिली सिगार बहुधा सौम्य प्रकृतीची, फिकट वेष्टनाची, डॉमिनिकन प्रजासत्ताकात वळलेली असते. पुढे होंडुरास येतो, मग निकाराग्वा. आणि खिसा परवानगी देईल तर शेवटी हव्हाना. अशा नोंदी वाचणाऱ्यांचा एक मोठा वर्ग तयार झाला असून त्यांवर विसंबून खरेदी करणारेही पुष्कळ आहेत.

या नोंदींत एक गोष्ट लक्षात येण्यासारखी आहे. प्रारंभीच्या नोंदी आखूड आणि अडखळत्या असतात. वाळक्या गवताचा वास आला, जिभेच्या शेंड्यावर मिरीची चुणचुण झाली, तोंड कडू पडले, कपाळावर घाम आला, शेवटचा भाग टाकून द्यावा लागला. पाचव्या-सहाव्या सिगारपाशी मात्र तोच मनुष्य निराळ्याच भाषेत बोलू लागतो. आता त्याला देवदाराचे लाकूड, कमावलेले चामडे, कोको, भाजलेली कॉफी आणि सुक्या मेव्याचा पुसट गोडवा जाणवतो. सिगारचे तीन समान भाग करून पहिल्या तृतीयांशात काय, दुसऱ्यात काय, असे तो सांगतो. घाम आणि कडवटपणा नोंदींतून नाहीसे होतात. महिनाभरात जीभ इतकी शिकली, की केवळ शब्द शिकले, असा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होतो.

सगळाच मामला कल्पनेचा आहे असे मात्र म्हणता येणार नाही. हाताने वळलेल्या सिगारमध्ये तीन प्रकारची पाने असतात : आतले भरण, ते बांधून ठेवणारे मधले पान आणि बाहेरचे वेष्टन. भरणातही तंबाखूच्या झाडावरील पानाच्या जागेनुसार भेद आहेत. शेंड्याकडच्या पानांना ऊन अधिक मिळते. ती जाड, तेलकट आणि कडक होतात व सावकाश जळतात, म्हणून ती मध्यभागी घालतात. मधली पाने सुवासासाठी आणि तळची पाने नीट पेट घ्यावा म्हणून. तोडलेली पाने कोठारात टांगून हवेवर वाळवितात व नंतर त्यांच्या मोठाल्या राशी रचून ती आंबवितात. राशीच्या पोटात उष्णता चढते, अमोनिया बाहेर पडतो, रंग गडद होतो आणि कडवटपणा उतरतो. क्यूबाच्या पश्चिमेकडील पिनार देल रिओ प्रांतातल्या वुएल्ता आबाहो भागातील मातीचा गुण अन्यत्र सहजी येत नाही, तर अमेरिकेतील कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात कापडी मांडवांच्या सावलीत वाढविलेले पान पातळ व रेशमी निघते. नाशिकच्या आणि नागपूरच्या मातीत जो फरक, तोच येथेही. तेव्हा दोन सिगारांच्या चवीत अंतर असते हे निर्विवाद आहे.

नवख्याला येणारा घामही तितकाच निर्विवाद आहे. सिगार ओढणारा धूर छातीत घेत नाही, तोंडात घोळवून सोडून देतो. म्हणून ती निरुपद्रवी, अशी समजूत आहे. वस्तुतः हवेवर वाळविलेल्या व आंबविलेल्या तंबाखूचा धूर अल्कधर्मी असतो आणि अशा धुरातील निकोटीन तोंडाच्या आतील त्वचेतूनच रक्तात शोषले जाते. मोठ्या आकाराच्या एका सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. रोज सिगार ओढल्याने तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस यांचा कर्करोग होतो, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात काढला आहे. नवख्याची पहिली नोंद ही अशा रीतीने शरीराने दिलेली साक्ष असते. जाणते मंडळी तिच्यावर उपाय सुचवितात तो असा : पोटभर जेवून बसा, सावकाश ओढा, जवळ काही गोड ठेवा. साक्ष खोडून काढण्याची ही तऱ्हा मोठी सोयीची आहे!

आता भाषेचा विचार करू गेल्यास, जिभेला स्वतःला फार थोड्या चवी कळतात. गोड, आंबट, खारट, कडू आणि जपानी लोक जिला उमामी म्हणतात ती मांसल चव. चामडे, कोको किंवा देवदार हे सारे नाकाचे काम आहे. घशामागून नाकात चढणारा गंध आपण चव म्हणून नोंदवितो. आणि गंधाला नाव देण्याच्या कामी मनुष्य डोळ्यांवर व ऐकीव माहितीवर किती विसंबतो, हे फ्रान्समधील बोर्दो येथे झालेल्या व २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखवून दिले. मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरे मद्य लाल रंग घालून ठेवण्यात आले, तेव्हा त्या विद्यार्थ्यांनी त्याचे वर्णन लाल मद्याच्या ठरावीक शब्दांत केले. २००८ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी एकच मद्य एकदा दहा डॉलर किंमतीचे व एकदा नव्वद डॉलर किंमतीचे म्हणून पाजले. महाग म्हणून दिलेले लोकांना अधिक आवडले. इतकेच नव्हे, तर सुखाची जाणीव नोंदविणाऱ्या मेंदूच्या भागातील हालचालही वाढलेली दिसली. म्हणजे हे लोक खोटे बोलत नव्हते. किंमत खरोखरीच त्यांच्या चवीत मिसळली होती.

सिगारच्या बाबतीत हे काम तिच्या कमरेभोवतीचा कागदी पट्टा करतो. या पट्ट्यांचा इतिहासही मौजेचा आहे. क्रांतीनंतर १९६० साली क्यूबातील सिगार-कारखान्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. जुने मालक देशाबाहेर पडले आणि आपल्या छापांवरचा हक्क त्यांनी सोडला नाही. १९६२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने क्यूबाशी व्यापारबंदी जाहीर केली. (त्या हुकुमावर सही करण्यापूर्वी अध्यक्ष केनेडी यांनी आपले प्रसिद्धी सचिव पिअर सॅलिंजर यांच्याकरवी बाराशे क्यूबन सिगार मागवून घेतल्याची हकीकत सॅलिंजर यांनीच पुढे सांगितली. कायदा करणाराची दूरदृष्टी म्हणतात ती हीच.) परिणामी माँतेक्रिस्तो, पार्तागास, रोमिओ ई हुलिएता ही नावे आज दोन-दोन ठिकाणी नांदत आहेत. क्यूबातली निराळी आणि अमेरिकेत विकली जाणारी, बहुधा डॉमिनिकन प्रजासत्ताकात वळलेली, निराळी. पान वेगळे, माती वेगळी, कारागीर वेगळे. नाव मात्र तेच. १९६६ साली फिडेल कॅस्ट्रो यांच्यासाठी वळण्यास आरंभ झालेल्या कोहिबा या छापाच्या मालकीवरून तर १९९७ पासून अमेरिकेत खटले चालले. स्वतः कॅस्ट्रो यांनी १९८५ साली सिगार सोडली. छापाची प्रतिष्ठा त्यामुळे कमी झाली नाही.

१९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सिगारला वाहिलेले एक गुळगुळीत नियतकालिक सुरू झाले आणि सिगारला शंभरापैकी गुण देण्याची प्रथा पडली. या परीक्षेत पट्टे काढून टाकतात, ही तिची जमेची बाजू मान्य केली पाहिजे. परंतु ८९ आणि ९१ गुणांमधला फरक कोणत्या जिभेने ठरविला जातो हे समजणे कठीण आहे. मराठीचे निबंध तपासणाऱ्या शिक्षकाला ही अडचण चांगली ठाऊक असते. तो निदान पुनर्मूल्यांकनाची सोय ठेवतो.

आपल्या पैशाने कोणी धुराचे गुण गावेत, यात इतरांनी नाक खुपसण्याचे कारण काय, असा युक्तिवाद केला जातो. प्रश्न केवळ छंदाचा असता तर तो मान्य करता आला असता. पण चवीची ही भाषा दिवाणखान्यात थांबलेली नाही. ती न्यायालयापर्यंत गेली आहे. २०१६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सर्व प्रकारच्या सिगार आपल्या नियमांखाली आणल्या. उंची सिगारच्या व्यावसायिकांनी आपला माल निराळा आहे, तो व्यसन म्हणून नव्हे तर आस्वाद म्हणून प्रौढ माणसे कधीमधी ओढतात, अशी भूमिका घेतली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाने उंची सिगारपुरते ते नियम रद्द ठरविले. आपल्यासमोर आलेल्या पुराव्याचा प्रशासनाने नीट विचार केला नाही, हे न्यायालयाचे कारण होते आणि ते अगदीच अनाठायी नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०२२ साली दिलेल्या अहवालातही, उंची सिगार ओढणारे बहुतेक लोक ती रोज ओढीत नाहीत व धूर आत घेत नाहीत, म्हणून त्यांच्या वाट्याला येणारी हानी एकंदरीत कमी असावी, असे म्हटले आहे. परंतु तिच्या धुरात विषारी द्रव्ये असतात आणि ती व्यसन जडवू शकते, हेही त्याच अहवालात नमूद आहे. तात्पर्य, कमीपणा आहे तो ओढण्याच्या प्रमाणात; पानाच्या उच्च कुळात नाही. कायद्याने सूट दिली ती मात्र पानाला. जो रोज एक ओढू लागेल त्याला संपूर्ण पानाचे वेष्टन आणि हातकाम यांपासून काडीचेही संरक्षण मिळणार नाही.

चवीच्या या वर्णनांत चामड्यापासून कोकोपर्यंत सारे काही येते. ज्या हातांनी सिगार वळली ते मात्र येत नाहीत. वास्तविक या धंद्यातील खरा अभिजातपणा तेथेच आहे. १८६५ साली हव्हानाच्या एल फिगारो कारखान्यात कामगारांपुढे मोठ्याने वाचन करण्याची प्रथा सुरू झाली. दिवसभर बाकावर बसून मुकाट्याने पाने वळणाऱ्या माणसांनी आपल्यातल्याच एकाला वाचक नेमले व त्याच्या मेहनतान्यासाठी आपल्या मजुरीतून वर्गणी काढली. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी, आणि कादंबरी कोणती हे कामगारांच्या मतांनी ठरे. स्पॅनिश सरकारला यात धोका दिसला. पुढच्याच वर्षी बंदीचा हुकूम निघाला. बंदी टिकली नाही. फ्लोरिडातील टँपा शहरी गेलेल्या क्यूबन कामगारांनी ही प्रथा तेथेही नेली, आणि क्यूबाच्या स्वातंत्र्यासाठी निधी गोळा करणारे होसे मार्ती १८९१ साली तेथे गेले तेव्हा त्यांचे श्रोते हेच सिगार वळणारे होते. टँपातील मालकांनी १९३१ साली वाचकांना काढून टाकले. पुढे त्यांच्या जागी रेडिओ आला. हव्हानात मात्र वाचक टिकला. माँतेक्रिस्तो हे नाव द्यूमाच्या कादंबरीवरून पडले, आणि ते कामगारांच्या आवडीतून आले असे सांगितले जाते. ज्या छापाची चव नवखा इतक्या बारकाईने चाखतो, त्याच्या नावामागे शाळेत फारसे न गेलेल्या माणसांची वाङ्मयीन अभिरुची आहे, ही गोष्ट त्याला कोणी सांगत नाही.

आपल्याकडे हा विषय अगदीच परका नाही. चिरूट हा शब्द जगाला तमिळ भाषेने दिला. तिरुचिरापल्लीच्या चिरुटाची राख ओळखून शेरलॉक होम्सने गुन्हेगाराचा माग काढल्याचे वाचकांस आठवत असेल. महाराष्ट्रात सिन्नर, सोलापूर, गोंदिया या भागांत तेंदूच्या पानात तंबाखू भरून वळली जाते ती विडी. पान कापणे, भिजविणे, भरणे, वळणे, दोरा बांधणे हे सारे काम हातचे आणि बव्हंशी बायकांचे. हातकाम हाच उंचीपणाचा निकष असेल तर विडीइतकी उंची वस्तू दुसरी कोणती? १९६६ साली, म्हणजे कोहिबाचा जन्म झाला त्याच वर्षी, भारतीय संसदेने जो कायदा केला त्याच्या शीर्षकातच विडी आणि सिगार कामगार एकत्र नांदत होते. कायद्याने दोघांना एका पंगतीला बसविले खरे. पण विडीच्या चवीवर कोणी वही भरली नाही, तिला शंभरापैकी गुण दिले नाहीत, आणि ती ओढणाऱ्याला आस्वादक म्हणून कोणत्याही न्यायालयाने ओळखले नाही. त्याला व्यसनीच म्हणतात, आणि ते योग्यही आहे. विडीच्या धंद्यात गुणवत्तेची परीक्षा होते ती एकाच ठिकाणी. वळलेल्या विड्या घेऊन बाई कारखान्यात जाते, तपासनीस मूठभर उचलून पाहतो आणि न पसंत पडलेल्या विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढतो. हजारी दराने ठरलेल्या मजुरीतून त्या वजा होतात.