कात्री घ्या, सुई राहू द्या!

हिंदमाता म्हटलं की मुंबईकराला दोनच गोष्टी आठवतात. पावसाळ्यात तुंबलेलं पाणी आणि बाराही महिने ड्रेस मटेरियल. पहिल्या विषयावर बोलून आपले घसे कोरडे पडलेत. दुसऱ्यावर मात्र कितीही बोला! दादर पूर्वेकडून आंबेडकर रोडने परळकडे निघालात की साड्या, सलवार-कमीजचे पीस, दुपट्टे, लग्नाच्या बस्त्याची गर्दी. दुकानदार थानावर थान उलगडत असतो, आणि 'फक्त बघायला आलोय' म्हणणारी मंडळी दोन पिशव्या घेऊन बाहेर पडतात.

अशा ठिकाणी उभं राहून 'जुना टी-शर्ट कापा आणि नवा टॉप करा' असं सांगणं म्हणजे उडप्याच्या हॉटेलात बसून घरचा डबा उघडणं! पण आज तेच करायचंय. तेही सुई-दोऱ्याला हात न लावता.

कारण तुमचं कपाट. उघडा आणि मोजा. कॉलेज फेस्टिव्हलचा टी-शर्ट. पहिल्या नोकरीत 'टीम बिल्डिंग'ला वाटलेला. दुसऱ्या नोकरीतला तसाच, फक्त रंग वेगळा. २००४ पासून मुंबई मॅरेथॉन धावतेय, त्यामुळे घरात एक तरी हौशी धावपटू असतोच, म्हणजे तोही टी-शर्ट आला. आणि तुम्ही लालबाग-परळ-दादरचे असाल तर विचारूच नका. दहीहंडीला गोविंदा पथकाचा, गणपतीत मंडळाचा, पाठीवर प्रायोजकाचं नाव, छातीवर एखाद्या नेत्याचा हात जोडलेला हसरा चेहरा. सगळे एक्सेल साइजचे. घालवत नाहीत आणि टाकवतही नाहीत.

जुन्या कपड्यांसाठी आपल्याकडे बोहारीण होती, काही गल्ल्यांत अजूनही येते. साडी, पँट, शर्ट घेते, उलटसुलट करून बघते आणि घासाघीस करून स्टीलचं पातेलं देते. पण छापील, धुऊन ढगळ झालेला टी-शर्ट पुढे केलात की ती तो दोन बोटांनी बाजूला ठेवते. पातेलं सोडा, चमचाही नाही! मग त्या टी-शर्टची एकच वाट उरते. आधी नाइट ड्रेस, मग फडकं, मग पोछा. त्याला मधे एक जन्म वाढवून देता येतो, आणि त्यासाठी शिवणकाम यायलाच हवं असं नाही.

न शिवता जमतं कसं?

मराठीत आपण स्वेटरही 'विणतो' आणि साडीही 'विणतो'. शब्द एक, काम मात्र वेगळं. साडीचं कापड मागावर तयार होतं. उभे धागे ताणलेले, त्यांतून आडवा धागा वर-खाली जातो. ताणा आणि बाणा. असं कापड कापलं की कडेचे धागे मोकळे होतात, दशा सुटायला लागतात. म्हणून तिथे पिको, दुमड, शिवण यांना पर्याय नाही.

टी-शर्टचं होजिअरी कापड स्वेटरच्या जातीचं. धाग्याचे बारीक फास एकमेकांत अडकवलेले. म्हणून ते ताणतं, आणि कापल्यावर सहसा दशा सुटत नाहीत. कड ओढली की ती स्वतःच गुंडाळी होऊन बसते. न शिवता टॉप करायचा अख्खा फंडा या गुंडाळीवर उभा आहे. घरच्या घरी टेस्ट करायची असेल तर टी-शर्टच्या आतल्या बाजूला लेन्स धरा. स्वेटरसारखी वेटोळी दिसली की कात्री चालवायला हरकत नाही. शर्टाचं, कुर्त्याचं किंवा हिंदमाताहून आणलेल्या मटेरियलचं कापड मात्र या खेळात आणू नका. दोन धुण्यांत झालर होईल.

गंमत म्हणजे गिरणगावाने मुंबईला कापड पुरवलं ते मुख्यतः मागावरचं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि अनेकांच्या हाताचं काम कायमचं गेलं. त्यानंतर या भागातल्या कितीतरी घरांत बायकांनी खाणावळी चालवल्या, शिलाई मशीनवर ब्लाउज आणि फॉल-पिको करून चूल पेटती ठेवली. आज फिनिक्स मिलमध्ये आपण शॉपिंग करतो, कमला मिलमध्ये ऑफिसला जातो. आपल्या अंगावरचा टी-शर्ट मात्र बहुतेक वेळा लांबून आलेला असतो. तमिळनाडूतलं तिरुपूर हे देशातलं होजिअरीचं सगळ्यात मोठं केंद्र. खांद्याची शिवण, बाही, गळ्याची पट्टी, खालची दुमड, हे सगळं तिथल्यासारख्याच कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी ओव्हरलॉक मशीनवर बसून शिवलेलं असतं.

म्हणजे आपला 'न शिवलेला' टॉप खरं तर शिवलेलाच आहे, फक्त आपण नाही शिवलेला! आजच्या कॉलममधली सगळ्यात कामाची टिप इथेच आहे. जी शिवण आयती मिळालीय ती जपा. कपड्याचं वजन खांदे पेलतात, तेव्हा खांद्याची शिवण कापू नका. बाही काढायची असेल तर शिवण टी-शर्टलाच राहील अशी, बाहीच्या बाजूने कात्री चालवा. मुंढ्याला आयती मजबूत कड मिळते. जिथे शिवण नाइलाजाने कापली जाईल, तिथले सुटे धागे ओढून हातानेच गाठ मारा.

आधी दोन ढीग

कात्री हातात आली की काहीही कापावंसं वाटतं. थांबा. आधी दोन ढीग करा.

पहिला ढीग, धड असलेल्यांचा. डाग नाही, भोक नाही, दुसरं कुणी आनंदाने घालेल असा टी-शर्ट कापायचा नाही, द्यायचा. धुऊन, घडी घालून. १९९९ मध्ये अंशू गुप्तांनी सुरू केलेली 'गूंज' ही संस्था असे कपडे गरजेच्या ठिकाणी पोचवते. जुन्या सुती कापडापासून सॅनिटरी पॅडही बनवते. तेव्हा सुती म्हणजे टाकाऊ, हे डोक्यातून काढा.

दुसरा ढीग, न देण्यासारख्यांचा. गळा सैल झालाय, काखेत पिवळा डाग पडलाय, पाठीवर कुण्या बिल्डरची जाहिरात आहे किंवा त्याच्याशी आठवण जोडली गेलीय. हे आपले. यातले सुती वेगळे काढा. मॅरेथॉनचे घाम सुकवणारे टी-शर्ट बहुधा पॉलिस्टरचे असतात. त्यांच्या कडा नीट गुंडाळत नाहीत आणि गाठी सरकतात. ते धावायलाच ठेवा.

सामान फारसं नाही. ज्या कात्रीने कधी कागद कापलेला नाही अशी धारदार कात्री. टाचण्या. शिंप्याचा खडू, आणि तो नसेल तर अंघोळीच्या साबणाची वाळलेली चिपटी. ती रेघही छान ओढते आणि धुतल्यावर निघूनही जाते. टी-शर्ट धुतलेला, इस्त्री केलेला हवा. आणि एकच मंत्र, कमी कापा! कापलं की कापड ताणतं, म्हणजे माप आपोआप वाढतं. कमी कापलेलं पुन्हा कापता येतं, उलटं होत नाही.

फंडा १ : सैल गळा

टी-शर्टची उभी घडी घाला, म्हणजे दोन्ही खांदे सारखे येतील. गळ्याच्या पट्टीलगत, पट्टी जेमतेम निघेल इतकंच कापा. घडी उघडा, गळा दोन्ही हातांनी ओढा आणि घालून आरशात बघा. दोनेक इंच तो असाच वाढलेला दिसेल. एका खांद्यावरून उतरणारा लुक हवा असेल तर आणखी अर्धा-अर्धा इंच करत पुढे जा. १९८३ च्या 'फ्लॅशडान्स' सिनेमाच्या पोस्टरवर जेनिफर बील्सने असाच गळा कापलेला स्वेटशर्ट घातला होता, आणि त्यानंतर जगभरच्या मुलींनी घरोघरी कात्र्या काढल्या. आत स्पॅगेटी किंवा रेसरबॅक घातलात की झालं.

फंडा २ : एक्सेलचा मीडियम

मंडळाच्या टी-शर्टसाठी हा बेस्ट. अंगात घालून दोन्ही बाजूंना किती जास्त आहे ते टाचण्यांनी ठरवा. जपून काढा आणि टेबलावर सपाट पसरा. काखेखाली दोन इंच सोडून तिथपासून खालपर्यंत बाजूची कड कापून टाका. अनेक टी-शर्टना बाजूला शिवणच नसते, कापड नळीसारखं गोल विणलेलं असतं, तेव्हा बुजू नका. पण टाचण्यांच्या खुणेपर्यंत कापू नका, दोन इंच बाहेर राहा. आता त्या दोन इंचांत आडवे काप द्या, एकेक इंचाच्या अंतराने, पुढचं-मागचं कापड एकत्र धरून. झिरमिळ्या तयार होतील. पुढची झिरमिळी मागच्या झिरमिळीशी दुहेरी गाठीने बांधत खाली या. मधे फटी दिसत असतील तर प्रत्येक गाठीचं एक टोक खालच्या गाठीच्या टोकाशी पुन्हा बांधा. फिटिंग असं बसतं की बघणाऱ्याला आधी गाठी दिसतात, नेत्याचा चेहरा नंतर. तोही नको असेल तर टी-शर्ट उलटा करून सुरुवात करा, छपाई आत जाईल.

फंडा ३ : पाठीवर वेणी

हा शो-स्टॉपर! टी-शर्टच्या आत पुठ्ठा सरकवा, म्हणजे पुढचा भाग कापला जाणार नाही. पाठीवर गळ्याखाली तीन इंच सोडून मधोमध पाच इंच रुंदीचे आडवे काप द्या, एकेक इंच अंतराने, आठ-दहा. शिडीसारख्या पट्ट्या दिसतील. प्रत्येक पट्टी हलकेच ओढा, ती दोरीसारखी गुंडाळेल. आता दुसरी पट्टी पहिलीच्या खालून वर ओढून तिचा फास करा. त्या फासातून तिसरी ओढा, तिसरीतून चौथी. आजीने केसांची वेणी घालावी तसं खाली या. शेवटची पट्टी ओढायची नाही, ती मधोमध कापायची आणि तिची दोन टोकं शेवटच्या फासात घालून घट्ट बांधायची. वेणी सुटत नाही.

हात बसला की आणखी प्रकार सुचत जातात. मेगन निकोले या अमेरिकन लेखिकेने २००६ मध्ये 'जनरेशन टी' नावाचं पुस्तक काढलं, त्यात टी-शर्ट बदलण्याचे १०८ प्रकार आहेत. आपण तिनांवर सुरुवात करू.

ऑफिसला चालेल?

चालेल, पण डोकं वापरून. क्लायंट मीटिंगला सैल गळा नको. शुक्रवारी जीन्सवर फंडा दोन, वर ब्लेझर किंवा मोकळा शर्ट, एकदम झकास. वेणीवाला टॉप रविवारच्या मॅटिनीला किंवा मित्राच्या गिगला. धुताना उलटा करून हाताने धुवा. मशीनच असेल तर जाळीच्या पिशवीत घाला, नाहीतर गाठी बाकीच्या कपड्यांशी दोस्ती करतात.

उरलेलंही फेकू नका. बाहीचा हेअरबँड होतो. खालच्या घेराच्या इंचभर रुंद पट्ट्या ओढल्या की मस्त दोरी मिळते. आणि टॉप जमलाच नाही तर बाह्या आणि गळा कापा, खालच्या कडेला झिरमिळ्या करून गाठी मारा. दादरच्या भाजी मार्केटसाठी पिशवी तयार! २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर पिशवी तशी लागतेच.

आता खरा प्रश्न. इतकं स्वस्त मिळत असताना हा उपद्व्याप कशासाठी? डब्ल्यूडब्ल्यूएफ या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी जातं. कापूस कदाचित यवतमाळच्या शेतातला, शिवण तिरुपूरच्या कारखान्यातली. इतक्या हातांमधून आलेली वस्तू आपण दोनदा घालून कपाटाच्या तळाशी ढकलतो, कारण ती फुकट मिळालेली असते. आपल्याला फुकट मिळाली म्हणून ती फुकट तयार झाली असं नाही. जिथे शिवणकाम हा छंद नव्हता, पोटापाण्याचा प्रश्न होता, त्या गिरणगावात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. जुन्या लुगड्यांची गोधडी करणाऱ्या आज्यांनाही कुणी 'रीसायकलिंग' शिकवलं नव्हतं.

मुंबईच्या भाषेत 'चिंधी' ही शिवी आहे. कंजूष माणसाला आपण बिनदिक्कत चिंधी म्हणतो. पण कृष्णाच्या कापलेल्या बोटाला द्रौपदीने बांधलेली चिंधीच होती, आणि तिची परतफेड काय झाली ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा या शुक्रवारी तुमचा टॉप बघून कुणी 'काय चिंधीगिरी लावलीय' म्हणालं, तर छान हसा, थँक्यू म्हणा आणि त्याच्या कपाटात किती एक्सेल पडलेत तेवढं विचारून घ्या.