बीएस्सीला तत्त्वज्ञान घ्यावं का? ‘ओपन इलेक्टिव्ह’चा रकाना भरण्याआधी हे वाचा

प्रवेशाचा अर्ज जवळपास भरून झालेला असतो. मेजर ठरलेला, मायनर ठरलेला, फीसाठी यूपीआय उघडून ठेवलेलं. तेवढ्यात ‘जेनेरिक/ओपन इलेक्टिव्ह’ असा एक रकाना समोर येतो आणि यादीत मधेच कुठंतरी ‘तत्त्वज्ञान’ दिसतं. मागे रांग असते. अर्ज भरून देणारा म्हणतो, ‘कोणतंही टाक, दोन क्रेडिटचंच तर आहे.’ बीड, माजलगाव, अंबाजोगाई किंवा परळीतल्या बहुतेक मुलामुलींचा निर्णय इथंच, अर्ध्या मिनिटात होतो.

हा निर्णय अर्ध्या मिनिटात उरकण्याइतका किरकोळ नाही, आणि त्यासाठी रात्रभर जागावं इतका मोठाही नाही.

हा रकाना आला कुठून?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीची नवी रचना राज्य सरकारने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने ठरवली. स्वायत्त महाविद्यालयांत ती २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. बीड जिल्ह्यातली महाविद्यालयं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असल्याने त्यांनाही हीच रचना आली. त्यात ओपन इलेक्टिव्हसाठी १० ते १२ क्रेडिट आहेत आणि ते पहिल्या-दुसऱ्या वर्षातच घ्यायचे आहेत. अट एकच, पण महत्त्वाची: हा विषय मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा हवा.

या अटीमुळे बरेच जण गोंधळतात. तत्त्वज्ञान मानव्यविद्या शाखेत येतं. त्यामुळे बीएस्सी किंवा बीकॉमची विद्यार्थिनी ते ओपन इलेक्टिव्ह म्हणून घेऊ शकते; पण बीएला इतिहास मेजर असलेल्याला या रकान्यात ते घेता येणार नाही. त्याच्यासाठी मायनरचा रस्ता आहे, कारण मायनर त्याच शाखेतलाही चालतो. तो मात्र १८ ते २० क्रेडिटचा मामला आहे, म्हणजे चव घेणं नव्हे, पंगतीला बसणं.

दुसरा गोंधळ ‘भारतीय ज्ञान प्रणाली’चा. तो विषय सगळ्यांना असतोच, त्यामुळे ‘तत्त्वज्ञान तर आपल्याला आहेच’ असं अनेकांना वाटतं. तसं नाही. तिथं परंपरेची ओळख करून दिली जाते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात त्याच परंपरेतला एक विचार घेऊन ‘हे खरं कशावरून?’ असं विचारायचं असतं.

‘कीर्तनात ऐकलंय की सगळं’

बीड जिल्ह्यात हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून परंपरेने ज्याचं नाव घेतलं जातं तो शके १११० चा ‘विवेकसिंधु’ हा अद्वैत वेदान्त समजावून सांगणारा ग्रंथ आहे आणि त्याच्या कर्त्याची, मुकुंदराजांची, समाधी अंबाजोगाईत दाखवली जाते. त्याच गावच्या दासोपंतांनी पंचीकरणासारखा क्लिष्ट विषय लांबलचक कापडावर लिहून काढला, ती त्यांची प्रसिद्ध पासोडी. (आजच्या भाषेत हाताने लिहिलेलं प्रेझेंटेशनच.) संस्कृत न येणाऱ्या माणसाला अवघड विचार त्याच्या बोलीत सांगायचा, ही या भागाची जुनी सवय आहे.

पण कीर्तनात बुवांना मधेच थांबवून ‘महाराज, हे पटलं नाही’ असं कुणी म्हणत नाही. वर्गात तेच करायचं असतं. भारतीय दर्शनांची शिस्तच तशी आहे: आधी प्रतिपक्षाचं म्हणणं, म्हणजे पूर्वपक्ष, त्याला मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे मांडायचा आणि मगच त्याचं खंडन करायचं. ज्या जिल्ह्यात कुणाचं आडनाव कळलं की त्याचं मत ऐकायच्या आधीच ठरवून टाकलं जातं, तिथं तीस तास ही शिस्त शिकायला मिळणं साधी गोष्ट नाही. एक थिअरी क्रेडिट म्हणजे १५ तास. दोन क्रेडिटचे तीस.

उपयोग काय, हा प्रश्न

तो विचारण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दिवाळीच्या आगेमागे ज्यांचे आईवडील कोयता घेऊन कारखान्याच्या तळावर जातात आणि मागे धाकट्या भावंडांचं सगळं बघून जे कॉलेज करतात, त्यांनी प्रत्येक तासाचा हिशोब मागितलाच पाहिजे.

स्पर्धा परीक्षेपुरतं बोलायचं तर यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहे. २५० गुणांचे दोन पेपर. नीतिशास्त्राचा सामान्य अध्ययन-४ हा २५० गुणांचा पेपर २०१३ पासून सगळ्यांनाच आहे. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली असून तिच्या २६ वैकल्पिक विषयांत तत्त्वज्ञान आहे. यूपीएससीच्या अभ्यासक्रमात चार्वाकापासून जातिभेदाच्या प्रश्नावर गांधी आणि आंबेडकर यांच्यापर्यंत सगळं येतं. मात्र तीस तासांच्या इलेक्टिव्हवर ५०० गुणांची तयारी होते, असं कुणी सांगत असेल तर तो क्लास विकतोय. इलेक्टिव्हमुळे इतकंच कळतं की हा विषय आपल्याला झेपतो का. वैकल्पिक विषय चुकला म्हणून पुण्यात दोन वर्षं घालवण्यापेक्षा ते बीडमध्येच पहिल्या वर्षी कळलेलं बरं.

आणि यातून एमए करून प्राध्यापक व्हायचा विचार असेल, तर नेट-सेटमध्ये हा विषय आहे, पण जागा मोजक्याच. त्या भरवशावर कर्ज काढू नये.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक उदाहरण. क्लॉड शॅनन हा अमेरिकी तरुण मिशिगन विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग शिकत असताना तत्त्वज्ञानाच्या एका वर्गात बसला. तिथं त्याला जॉर्ज बूलचं प्रतीकात्मक तर्कशास्त्र भेटलं. पुढे १९३७ मध्ये एमआयटीच्या प्रबंधात त्याने दाखवलं की ‘खरं-खोटं’चं तेच गणित विजेच्या स्विचना लागू पडतं. आज बीसीएच्या पहिल्या वर्षी जे ट्रुथ टेबल पाठ केलं जातं, त्याची मुळं तर्कशास्त्रात आहेत.

त्याहून जवळचं उदाहरण विद्यापीठाच्या नावातच आहे. डॉ. आंबेडकर १९१३ ला कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. तिथल्या नोंदींनुसार त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे सहा आणि तत्त्वज्ञानाचे पाच. ते जॉन ड्यूईंचे विद्यार्थी झाले. १९३६ च्या ‘जातिप्रथेचं उच्चाटन’मध्ये त्यांनी ड्यूईंचं ऋण आवर्जून नोंदवलं आहे. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या, घरी पैशाची चणचण असलेल्या विद्यार्थ्याने हे पाच अभ्यासक्रम ‘टाइमपास’ म्हणून घेतले नसणार.

खरी अडचण

ती विषयात नाही, वर्गात आहे. यादीत नाव असणं आणि तास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचा शिक्षकच नाही तिथं हा पेपर कुणाच्या तरी वेळापत्रकात ढकलला जातो आणि परीक्षेच्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानात ‘नोट्स’ येतात. अशा ठिकाणी तत्त्वज्ञान घेऊ नये. वाईट शिकवलेलं गणित निदान उदाहरणं सोडवून भरून काढता येतं. वाईट शिकवलेलं तत्त्वज्ञान म्हणजे नावांची आणि ‘वादां’ची घोकंपट्टी उरते. म्हणून रकाना भरण्याआधी वरच्या वर्गातल्या मुलांना एवढंच विचारावं, ‘मागच्या वर्षी तास झाले का, आणि कोणी घेतले?’ सिलॅबसपेक्षा या उत्तराला वजन द्यावं.

शिक्षक नसेल आणि ओढ असेल, तर ‘स्वयम’ पोर्टल आहे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून करता येतात आणि नोंदणी मोफत आहे. परीक्षेला शुल्क आहे, केंद्र दुसऱ्या शहरात येऊ शकतं, आणि ते क्रेडिट धरणार का हे महाविद्यालयाला आधीच विचारावं लागतं. नाहीतर मेहनत होते आणि गुणपत्रिकेत दिसत नाही.

आवड आहे की नाही हे तपासायला पैसे लागत नाहीत. बालभारतीची अकरावी-बारावीची तर्कशास्त्राची पुस्तकं मोबाइलवर उतरवून घेता येतात. मराठी विश्वकोशातल्या तत्त्वज्ञानाच्या नोंदी फुकट वाचता येतात. एखाद्या रविवारी चार्वाकावरची नोंद वाचून बघावी. वाचताना दोनदा तरी ‘हे बरोबर नाही’ असं वाटलं, तर हा विषय घ्यायला हरकत नाही. झोप आली तर वाणिज्य शाखेतला एखादा पेपर घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही.

आणि विषय हवा आहे, यादीतही आहे, पण ‘मुलंच नाहीत’ म्हणून वर्ग सुरू होत नसेल तर एकट्याने चकरा मारू नयेत. दहा-बारा जणांनी मिळून प्राचार्यांच्या नावे अर्ज द्यावा, आणि त्याची तारीख-शिक्क्यासह पोच घ्यावी.